पेचकसाने ऐकणारे चाचा

मला लिहिता येतं असं मी म्हणत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, आणि मी चढले तीही छत्तिसाव्या वर्षी. वर्गातल्या मुली मला काकी म्हणतात. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "काकी, तुम्ही परदेशात राहून आलात, आपल्या अंकासाठी तिथल्या एखाद्या माणसावर लिहा." मी हो म्हटलं आणि तीन आठवडे कोरा कागद घेऊन बसले. माणूस डोळ्यांसमोर होता, पण त्याच्याबद्दल मीच लिहावं का, हे ठरत नव्हतं. त्याच्या आयुष्यातलं एक मोठं काम माझ्या हाताने बिघडलं होतं. तरी लिहिते आहे. चुकलं तर माफ करा. त्यांना न विचारता लिहिते, म्हणून नाव घालत नाही. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. घरी आम्ही कोकणी बोलतो. इथे सगळ्यांचं बोलणं मी शाळेच्या मराठीत घेतलं आहे. मध्येच आमचा शब्द राहिला तर चालवून घ्या.

लग्नानंतर मी सहा वर्षं सौदीत होते, रास तनुराजवळ रहिमा नावाच्या गावात. माझे मिस्टर एका छोट्या कंत्राटी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. तिथे पंप दुरुस्तीला यायचे. चाचा त्या वर्कशॉपचे फोरमन, मूळचे हर्णैचे. साठीला आलेले, उंच, सडपातळ. पहिल्यांदा आमच्याकडे आले ते एका शुक्रवारी, जेवायला.

"बसा चाचा," मी म्हटलं.

"बसतो," ते म्हणाले, आणि उभेच राहिले. खोलीत दोन फेऱ्या झाल्या, खिडकीपाशी जाऊन आले, मग स्वयंपाकघराच्या दारात थांबले. "हा फ्रिज कधीचा?"

"घरमालकाचाच आहे. का?"

त्यांनी खिशातून दीड वीत लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढला. वर्कशॉपमध्ये सगळे त्याला पेचकस म्हणत. टोक फ्रिजच्या मागच्या बाजूला टेकवलं, लाकडी मूठ कानाच्या मागे हाडाला लावली आणि डोळे मिटले. मी भाताचं पातेलं हातात धरून उभी. मिनिटभराने म्हणाले, "गडी दमलाय. रमजानपर्यंत जाईल."

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रिज बंद पडला. तेव्हापासून मी मिक्सर, पंखा, कपड्यांचं मशीन, सगळं त्यांच्यापुढे करायला लागले. पंपाचं बेअरिंग जायला आलं की आतून बारीक खरखर येते आणि ती पेचकसातून कळते, असं मिस्टर सांगायचे. मशीन लावून तपासणारे इंजिनिअरसुद्धा आधी चाचांकडे बघत.

ते आमच्याकडे बरेच शुक्रवार जेवले, पण बसलेले मला आठवत नाहीत. ताट हातात घेऊन उभ्याने जेवायचे. "पंपाजवळ आयुष्य गेलं बाय. बसलो की वाटतं काहीतरी बंद पडेल."

आता मुख्य गोष्ट. चाचांना इंडोनेशियातल्या लहान लहान बेटांवरच्या गाण्यांचं वेड होतं. मोठ्या शहरातली, रेडिओवरची गाणी त्यांना नकोत. जिथे आठवड्यातून एकदा बोट जाते तिथली हवीत. सौदीत इंडोनेशियाची माणसं खूप: ड्रायव्हर, स्वयंपाकी, घरकाम करणाऱ्या बायका. कुणी भेटला की चाचा हिंदी, अरबी आणि त्यांच्या भाषेतले पन्नासेक शब्द मिसळून विचारायचे, बेट कुठलं? मोठ्या बेटाचा असला तर सलाम करून पुढे जायचे.

हे वेड त्यांच्या आजोबांपासूनचं. आजोबा बोटीवर खलाशी होते. तिकडच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी बांबूची एक पट्टी आणली होती, वीतभर, मध्ये जीभ कापलेली, टोकाला दोरी. ती काय आहे हे हर्णैच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. चाचांची आई ती कपाटाच्या दाराला खीळ म्हणून लावायची. चाचा सौदीला जाताना ती आठवण म्हणून घेऊन गेले. तिथे लोंबोक बेटाच्या एका ड्रायव्हरने ती पाहिली, दातांपुढे धरली, दोरीला झटके दिले, आणि पट्टी बेडकासारखी बोलायला लागली. चाचा सांगायचे, "आमच्या कपाटाचं दार चाळीस वर्षं एका बाज्याने बंद होत होतं, आणि आम्हाला पत्ता नाही."

ती पट्टी ते स्वतः वाजवायचे. दुसरं काही त्यांना वाजवता येत नसे आणि गाता तर अजिबात येत नसे. मी एकदा विचारलं, हेच का आवडतं? तर म्हणाले, "हे डोक्याच्या आत वाजतं." तेव्हा मी त्यावर विचार केला नाही.

कामगारांच्या कॅम्पमधल्या त्यांच्या खोलीत कॅसेटी होत्या, शंभराच्या वर. मोबाइल आले होते, मिस्टर म्हणायचे त्यात घ्या, सोपं पडतं. चाचा म्हणायचे, "मोबाइल आवाज धुऊन देतो. मला धुतलेला नको." भंगारबाजारातून आणलेला, विटेएवढा जड टेपरेकॉर्डर होता, त्याच्या पत्र्याला पेचकस लावून ते गाणी ऐकायचे. सगळे हसायचे. मीसुद्धा हसले आहे.

गाणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारायचे: हे गाणं कधी म्हणायचं नाही? "कधी म्हणतात ते कुणीही सांगतो. कधी म्हणायचं नाही ते सांगेल तो घरचा माणूस." भात कांडायचं एक गाणं उखळ रिकामं असताना म्हणायचं नाही. एक गाणं पाहुणा दारात असताना नाही. कॅसेटच्या कागदावर ते गाण्याचं नाव लिहायचे नाहीत, हे लिहायचे. 'उखळ रिकामं असताना नाही.' 'मुलगा ऐकत असताना नाही.'

एका वर्षी त्यांनी एक वाद्य बनवायला घेतलं. रोटे नावाच्या बेटावर ताडाच्या पानाचा मोठा द्रोण करतात, त्यात बांबू उभा करून भोवती तारा ताणतात, सासांदो म्हणतात त्याला. चाचांकडे ताड नव्हता. खजुराचं पान चिरलेलं, त्याचा द्रोण होईना. शेवटी कुणाच्या तरी गच्चीवरची फेकलेली डिश अँटेना आणली, बांबूच्या जागी वायरिंगचा पाइप लावला. दोन महिने खपले. आवाज आला तो टाकीवर गारा पडल्यासारखा. रोटेचा एक वेल्डर मुद्दाम बघायला आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चाचा, यावर बातम्या चांगल्या लागतील." चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आणखी एक सवय. दर शुक्रवारी दुपारी ते आमच्या गच्चीवर जाऊन हर्णैला चाचीला फोन करायचे. मी कपडे वाळत घालायला गेले की दिसायचे, फोन कानाला लावून फेऱ्या मारत. फारसं बोलत नसत. "बरा हाय ना?" म्हणायचे, मग खूप वेळ काही नाही. मग पुन्हा "बरा हाय." मिस्टर चिडवायचे, "चाचा, गप्प बसायला फोन कशाला लागतो?" ते म्हणायचे, "तुझं लग्न नवीन आहे."

ती वर्षं साऱ्यांनाच अस्वस्थ करणारी होती. कंपन्यांमध्ये सौदी माणसं किती, त्यावर सरकार कंपनीला रंग द्यायचं: लाल, पिवळा, हिरवा. लाल झाली की आपल्या माणसांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढेना. रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या जिन्यात एकच चौकशी: तुमची कंपनी कुठल्या रंगात? आमची पिवळी होती. माझी एक बॅग पलंगाखाली कायम अर्धी भरलेली असायची. नवीन पडदे शिवायचे म्हणून कापड आणलं होतं, ते सहा महिने तसंच घडी राहिलं.

मग चाचांच्या हाताखाली एक सौदी मुलगा आला, पंचवीस-सव्वीसचा, हफ्र अल बातिन नावाच्या लांबच्या शहराचा. सहा महिन्यांत त्याला काम शिकवायचं आणि मग चाचांनी जायचं, हे ठरलेलं होतं. वर्कशॉपमधले लोक त्याच्याशी तुटक वागायचे. चाचांनी पहिल्या दिवशी त्याच्या हातात पेचकस दिला आणि म्हणाले, "आधी ऐक, मग हात लाव." पोरगा गाडीतून गाणी लावत यायचा, पण कान चांगला होता. चाचा घरी येऊन सांगायचे, "माझी जागा घेणारा बरा आहे. बेअरिंग ओळखतो." हे ते असं सांगायचे की वाईट वाटावं की बरं, समजत नसे.

त्याच सहा महिन्यांत त्यांना ते गाणं सापडलं. कॅम्पच्या मेसमधला स्वयंपाकी फ्लोरेस बेटाच्या पलीकडच्या एका बेटाचा होता, नकाशावर ठिपकासुद्धा नाही असं. तिथे माणूस दूरच्या कामाला निघाला की त्याला सोडायचं गाणं आहे. जाणारा बोटीतून एक ओळ म्हणतो, किनाऱ्यावरची बाई उत्तर देते. बोट लांब जाते तसा आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक ओळीनंतर थांबणं वाढत जातं. शेवटच्या ओळीला उत्तर येत नाही. तिथे गाणं संपतं. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. स्वयंपाकी म्हणाला, "परत येणाऱ्याच्या समोर म्हणायचं नाही."

स्वयंपाक्याला बोटीतली बाजू येत होती, ती चाचांनी लगेच टेपवर भरून घेतली. बाईची बाजू पुरुष म्हणत नाहीत. चाचांची झोप उडाली. सहा महिन्यांतले चार गेले होते. ते आमच्याकडे आले आणि नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या मारत म्हणाले, "आमच्याकडे हर्णैच्या बंदरात बायका नुसत्या उभ्या राहायच्या. माझी आई उभी राहिली, बायको उभी राहिली. त्यांनी काय म्हणायचं ते कुणी ठरवूनच दिलं नाही. आणि इथे एका ठिपक्याएवढ्या बेटाने ठरवून ठेवलंय. ते मला पुरं पाहिजे, बाय."

त्याच बेटाची एक बाई आमच्या मागच्याच घरात कामाला होती. सिती तिचं नाव. एका लष्करी अधिकाऱ्याचं कुटुंब होतं. दोन्ही घरांच्या गच्च्या लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. कपडे वाळत घालताना आम्ही मोडक्या अरबीत बोलायचो. मी तिला लोणचं द्यायची, ती मला मिरच्या. चाचांना तिच्यासमोर जाणं शक्य नव्हतं. मी जाऊ शकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी काम फक्त माझ्याच हातून होणार होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करते.

चाचांनी टेपरेकॉर्डर आणून दिला. कोणतं बटण काय करतं ते दाखवलं. "कोरी कॅसेट आता मिळत नाही. ही शेवटची. सांभाळ."

सितीने सकाळी दहाच्या सुमारास, घरची मंडळी बाहेर असताना, भिंतीच्या पलीकडे उभी राहून गाणं म्हटलं. आवाज लहान होता. पहिली ओळ म्हणून ती थांबली. मी वाट पाहिली. ती लांब कुठेतरी बघत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, पुढची ओळ आठवते आहे. टेप फिरत होती, शेवटची कॅसेट होती. माझी आई चुलीवरून भांडं उतरलं की लगेच लाकूड मागे ओढायची. रिकामी चूल जळू देऊ नये, म्हणायची. मी थांबायचं बटण दाबलं. तिने तोंड उघडलं की पुन्हा सोडलं. दर वेळी ती जास्त थांबायची आणि दर वेळी मी दाबायची. मनात म्हणत होते, किती टेप वाचवली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून पत्र्याला पेचकस लावला. मी चहा ठेवला होता. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"बाय, इथे कुणीतरी ठोकतंय. अकरा वेळा."

"ते बटण असेल, चाचा. ती गप्प झाली की मी बंद करत होते. टेप फुकट जाऊ नये म्हणून."

चहा उतू गेला, तो पुसायलाही मी हलले नाही. मग चाचा म्हणाले, "चूक माझी आहे. गप्प बसणंही भरून घ्यायचं असतं, हे मी सांगायला पाहिजे होतं."

"स्वयंपाक्याच्या टेपवरून मोजून घालता नाही येणार?"

"विचारलं मी त्याला ते आधीच. तो म्हणतो, बोटीतला माणूस ऐकू आलं की गातो, बस. किती थांबायचं ते किनाऱ्यावरची बाई ठरवते. अंतर तिच्याकडे असतं."

मी त्याच दुपारी गच्चीवर गेले. कॅसेटची दुसरी बाजू होतीच. पण मागच्या घरी खोकी बांधणं चाललं होतं. अधिकाऱ्याची बदली हफ्र अल बातिनला झाली होती. सिती मला दिसली नाही. तीन दिवसांनी त्या गच्चीवर दोऱ्याच फक्त राहिल्या. मी भिंतीपाशी उभी राहून त्या दोऱ्यांकडे बघत राहायची. चाचांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे मला जेवण जाईना.

चाचांनी तरी प्रयत्न केला. टेप ब्लेडने कापून, मध्ये कोरे तुकडे चिकटवून बघितले. स्वयंपाक्याला ऐकवलं. त्याने मान हलवली. "ही बाई वाट बघत नाहीये, चाचा. ही थांबलीय फक्त."

निरोपाच्या दिवशी वर्कशॉपमध्ये बिर्याणी होती. मिस्टरांनी घरी येऊन सांगितलं ते असं. चाचांनी आपला लांब पेचकस रुमालाने पुसून त्या सौदी मुलाला दिला. मुलाने तो घेतला आणि परत त्यांच्या खिशात खोचला. वर्कशॉपमध्ये शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "हे तुमचं हत्यार नाही, चाचा. हा तुमचा कान आहे. मी दुसरा घेईन."

खिशात खोचताना त्याची मान खाली होती. चाचा हसून सगळ्यांकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मग त्या मुलाने मिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. चाचांचे दोन्ही कान जवळजवळ गेलेले होते. लहानपणी समुद्रात बुड्या मारून कान फुटायचे, ते कधी बरे झालेच नाहीत. ओठ बघून ते बोलणं ओळखायचे, आणि बाकी सगळं हाडातून, त्या पेचकसाने. मुलाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सांगितलं असतं तर चाचा तेव्हाच घरी गेले असते आणि जागा त्याची झाली असती. "मला शिकायचं होतं," तो म्हणाला, "आणि पुढे त्यांना ते गाणं हवं होतं."

मला गच्चीवरचे शुक्रवार आठवले. 'बरा हाय ना?' आणि मग ते थांबणं. फोनमध्ये ओठ दिसत नाहीत.

पुढच्या वर्षी आमची कंपनी लाल झाली. मी परत आले, मिस्टर मागून आले. दापोलीत कॉलेजमध्ये नाव घातलं. हर्णै बसने फार लांब नाही, पण मी गेले नाही. काय घेऊन जाणार होते? रिकाम्या हाताने जायची हिंमत झाली नाही.

गेल्या महिन्यात मिस्टरांच्या मोबाइलवर त्या सौदी मुलाचा निरोप आला. त्याची आई हफ्र अल बातिनमध्येच राहते. सितीची मालकीण कुठे राहते हे शोधायला तिला बराच काळ लागला. मग तिने त्या बाईला कहव्याला, म्हणजे तिकडच्या कॉफीला बोलावलं, सितीलाही आणायला सांगितलं, आणि मोबाइलमध्ये गाणं घेतलं. मुलाने आईला बजावलं होतं, ती गप्प झाली तरी हात लावायचा नाही. बारा मिनिटांचं होतं. माझ्या कॅसेटवर ते चार मिनिटांत संपलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या.

मी ते माझ्या मोबाइलवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवून हर्णैची बस धरली.

चाचा अंगणात फेऱ्या मारत होते. फार वाळले होते. मला ओळखलं, हसले, "ये बाय, बस," म्हणाले आणि स्वतः उभेच. मी ओठ मोठे हलवून सांगितलं, सिती, गाणं. त्यांनी चाचीकडे बघितलं. चाची बुटकी, शांत बाई. काही न विचारता आत गेली, स्टीलचं ताट आणलं, ओटीवर उपडं घातलं आणि माझा मोबाइल त्यावर ठेवला. पेचकस तिनेच आणून दिला. चाचा वाकले, टोक ताटाला, मूठ कानामागे.

पहिली ओळ झाली. सिती थांबली. त्या थांबण्यात कुणीतरी कप ठेवल्याचा आवाज होता, लांब एक गाडी गेली. आणि चाचा बोटीतली पुढची ओळ म्हणायला लागले. स्वयंपाक्याची सगळी बाजू त्यांना पाठ होती. सूर कुठेच नव्हता. पण त्यांची ओळ संपली की थोड्या वेळाने तिची यायची. पुढचं थांबणं लांबत गेलं. अंगणात मासे वाळत घातले होते, पायरीवर बसलेली चाची त्यांच्याकडे न बघता आमच्याकडे बघत होती. शेवटी चाचांनी एक ओळ म्हटली आणि उत्तर आलं नाही.

मोबाइलवर अजून वेळ पळत होता. गाणं तर संपलं, म्हणून माझा हात आपोआप पुढे गेला. चाचीने माझं मनगट धरलं. म्हणाली, "ऱ्हाव दे."

ते संपूर्ण संपेपर्यंत आम्ही तिघं तशीच होतो. मग चाचांनी मान वर केली.

"पोचली का ती? घरी?"

निरोपातल्या खालच्या दोन ओळी त्याच होत्या. सितीचा करार संपला, ती आपल्या बेटावर पोचली, तिथून तिने फोन केला. मी सांगायला तोंड उघडलं, पण माझे ओठ थरथरत होते आणि चाचांना ते वाचता येईनात. त्यांनी पुन्हा विचारलं, "काय?"

चाचीने त्यांच्या हातातला पेचकस घेतला. मूठ त्यांच्या कानामागे लावली, टोक स्वतःच्या हनुवटीला टेकवलं, आणि सावकाश म्हणाली, "पोचली."

चाचा तिच्याकडे बघत राहिले. मग ओटीच्या पायरीवर, तिच्या शेजारी, खाली बसले.